मागचं वाहन

युरोपात ट्रेलरचं मालासकट वजन 750 किलोंच्या पुढं गेलं, की त्याला स्वतःचा ब्रेक असावाच लागतो. साडेसातशे किलो म्हणजे फार काही नाही. दोन जड मोटारसायकली आणि त्यांना वाहणारा लोखंडी सांगाडा एवढ्यातच त्या मर्यादेच्या आसपास पोचता येतं. आता कोल्हापूरहून हातकणंगल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर जानेवारीतल्या कुठल्याही रात्री उभं राहून पाहावं. एका ट्रॅक्टरला एकामागं एक दोन ट्रॉल्या, दोन्ही मिळून वीस टनांच्या घरात ऊस, आणि बऱ्याचदा त्या दोन्ही ट्रॉल्यांच्या सगळ्या चाकांत मिळून एकही ब्रेक नाही. एवढा डोलारा थांबवायचं काम अडीच-तीन टनांच्या ट्रॅक्टरची मागची दोन चाकं करतात. करतातही. वेग बेताचा असतो आणि रस्ता सपाट असतो, म्हणून ते जमून जातं. या दोहोंतलं एक जरी बदललं तरी हिशेब फिसकटतो.

या पुस्तकाचा विषय हा हिशेब आहे. ट्रॉली विकत घेणं, जोडणं, भरणं, ओढणं, थांबवणं, उलटी घेणं, आणि बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीनं ओढून नेणं, असा त्याचा आवाका. वाचक म्हणून समोर धरलाय तो ऊस वाहणारा ट्रॅक्टरमालक आणि त्याचा ड्रायव्हर. पण ज्याची कार तावडे हॉटेलच्या चौकात बंद पडली आणि ज्याच्या हातात कुणीतरी नायलॉनची दोरी आणून दिली, त्यालाही पुढची काही पानं उपयोगी पडावीत. पुस्तकाचं म्हणणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतं: मागं जोडलेलं जे काही असतं ते स्वतंत्र वाहन असतं. ट्रॅक्टरचं मॉडेल, हॉर्सपॉवर आणि हप्ता यांवर तासभर बोलणारा माणूस ट्रॉलीचा विषय काढला की 'ती काय, लोखंडच' म्हणून मोकळा होतो. या विषयातल्या निम्म्या अपघातांचं मूळ त्या एका वाक्यात सापडेल.

हे लोखंड किती धावतं ते एकदा बघायला हवं. 2021-22 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी 1,300 लाख टनांहून जास्त ऊस गाळला. वीस टनांची एक खेप धरली तरी हे 65 लाख खेपांचं काम होतं. बैलगाडीत आणि छोट्या ट्रॅक्टरमागच्या 'अंगद' गाडीत एवढा माल मावत नाही, म्हणजे प्रत्यक्ष खेपा त्याहूनही जास्त. कोल्हापूर जिल्ह्यात तर कसबा बावड्याचा राजाराम, कुडित्र्याचा कुंभी-कासारी, शाहूनगर-परितेचा भोगावती, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, कागलचा शाहू, हुपरीचा जवाहर, शिरोळचा दत्त, वारणानगरचा वारणा अशी कारखान्यांची दाटी आहे. दिवाळीनंतर चार-पाच महिने जिल्ह्यातला असा एकही मोठा रस्ता नसतो, ज्यावर उसाची ट्रॉली भेटत नाही.

या धंद्याचं गणित समजल्याशिवाय सुरक्षिततेवर बोलणं म्हणजे नुसता उपदेश. वाहतूकदाराला पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. हंगाम संपला की ट्रॉली बांधावर गंजत पडते, बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने चालू राहतो. हंगामाआधी तोडणी टोळीच्या मुकादमाला लाखांत उचल दिलेली असते. टोळी आली नाही किंवा मधेच निघून गेली तर ती उचल बुडाली. जयसिंगपूरची ऊस परिषद झाली, दराचं आंदोलन पेटलं, की वाहतूक अडते आणि टायरमधली हवा सोडली जाते ती याच गाड्यांच्या. मग उरलेल्या दिवसांत जास्तीत जास्त टन कारखान्यावर टाकायचे, हा एकच मार्ग मालकाला दिसतो. मोळीवर मोळी चढते, दुसऱ्या ट्रॉलीशिवाय परवडत नाही, काट्यावर नंबर लागेपर्यंत अड्ड्यात जागरण होतं आणि तोच ड्रायव्हर पहाटे रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत परत फडाकडं निघतो. जादा वजनाचा दोष एकट्या ड्रायव्हरच्या माथी मारणं सोपं असलं तरी बरोबर नाही. त्या टनांचा हिशेब ठरवणारे आणखी दोन-तीन हात असतात.

बैलगाडी हाकणाऱ्या पिढीला ओझं कुठं ठेवायचं हे शिकवावं लागत नव्हतं. गाडी धुरजड झाली तर जू बैलांच्या मानेवर बसायचं आणि बैल पाऊल टाकायला कुरकुरायचे. मागं उलाळ झाली तर जू वर उचलायचं, सापत्या बैलांच्या गळ्याला काचायच्या. बैलाच्या चालीवरूनच गाडीवान एखाद-दुसरी मोळी पुढं-मागं करायचा. ट्रॅक्टर कुरकुरत नाही, तक्रार करायची वेळ आली की थेट उलटतो. दुचाकी ट्रॉलीत माल धुऱ्याच्या, म्हणजे अॅक्सलच्या, मागं जास्त पडला की दांडा वर ओढला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि नेमकी जी चाकं ओढतात आणि थांबवतात तीच हलकी होतात. कारमागं लहान ट्रेलर असेल तर हीच चूक वेग वाढल्यावर उघडी पडते: ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डावी-उजवी झुलायला लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत जातो. अशा वेळी ब्रेक दाबणं किंवा स्टेअरिंगनं झोका सावरायला जाणं, दोन्ही महागात पडतं. अॅक्सिलेटर सोडून वेग आपोआप उतरू द्यायचा, एवढाच खात्रीचा इलाज. अमेरिकेत कारमागच्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के वजन जोडणीवर यावं असा दंडक मानतात, युरोपात हे प्रमाण कमी धरतात. आकडे वेगळे, तत्त्व एकच: माल धुऱ्याच्या किंचित पुढं हवा.

आता जोडणीकडं. सगळ्या साखळीतली सर्वांत स्वस्त वस्तू म्हणजे पिन. अंगठ्याहून जाड पोलादी दांडी, वर मूठ, खालच्या टोकाला भोक आणि त्या भोकात स्प्रिंगची क्लिप. ही क्लिप हरवण्यासाठीच जन्माला आलेली असते. ती गेली की तिच्या जागी वाकवलेला खिळा येतो, नाहीतर बांधकामाची तार, नाहीतर उसाच्या फडात सापडलेली काडी. खड्ड्यात आदळून पिन वर उसळली, की या तारेच्या भरवशावर दहा टन लोंबकळतात. हुकाचं गोल भोक दर हंगामाला थोडं लांबट होत जातं, पिन मधोमध झिजून बारीक होते, आणि निघताना-थांबताना 'खट्ट' असा आवाज यायला लागतो. ड्रायव्हरच्या कानाला तो आवाज सवयीचा होतो. वास्तविक तो आवाज म्हणजे पिनेनं दिलेली नोटीस असते. दुसऱ्या ट्रॉलीची पिन तर दिवसचे दिवस कुणी बघतच नाही, कारण ती ट्रॅक्टरच्या सीटवरून दिसत नाही. जोडणीखालून दांड्याला एक राखीव साखळी असावी, तीही एकमेकींना छेद देणाऱ्या दोन पदरांत. पिन निसटली तर दांडा जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या त्या फुलीत अडकून राहतो. साखळीचा खर्च एका टायरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांतही एक गोष्ट विसरली जाते, ती ब्रेकच्या दोन पेडलांची. शेतात सरीच्या टोकाला झटकन वळता यावं म्हणून डाव्या आणि उजव्या चाकाचा ब्रेक वेगवेगळा दिलेला असतो, आणि रस्त्यावर येताना ही दोन पेडलं एका छोट्या कडीनं जोडायची असतात. कडी जोडायची राहिली आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एक चाक अडतं, दुसरं फिरत राहतं, ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागचे वीस टन सरळच येत राहतात. कडी जोडली तरी दोन्ही बाजूंचे ब्रेक सारखे लागतात की नाही, हे हंगामाच्या सुरुवातीला मोकळ्या जागेत तपासावं लागतं. पाच मिनिटांचं काम. रानातून रस्त्यावर चाक टाकताना किती जण खाली वाकून ती कडी बघतात, हे वाचकानं आपापल्या गावात पाहावं.

उतार हे या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण आहे आणि ते तसंच असायला हवं होतं. कोल्हापूरच्या पश्चिमेला करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबा असे घाट. दक्षिणेला निपाणीपुढं महामार्गावरचा तवंदी घाट. ऊस बहुतेक सपाटीवरून जातो हे खरं, पण राधानगरी, भुदरगड, आजऱ्याकडचे रस्ते सपाट म्हणण्यासारखे नाहीत. उतार लागला की डिझेल वाचवायला गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची सवय अनेकांना असते. वेग विशीचा चाळिशीत गेला की गाडीत साठलेली ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि ती सगळी ब्रेकच्या तव्यांना उष्णतेच्या रूपानं जिरवावी लागते. तवे तापले की पकड सुटते. अशा वेळी पुन्हा गिअर टाकावा म्हटलं तर ट्रॅक्टरच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये धावत्या गाडीला तो पडतच नाही, नुसता करकरतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा नियम जुने ट्रकड्रायव्हर तोंडपाठ सांगतात. मागं ढकलणारी ट्रॉली असेल तर तो दुप्पट लागू. ब्रेक नसलेली ट्रॉली उतारावर मागून रेटते. ट्रॅक्टरनं ब्रेक लावला आणि ती सरळ रेषेत नसली, तर दोघं मधल्या जोडणीवर चाकूसारखे मिटतात.

यावरचा एक सुंदर उपाय युरोपातल्या छोट्या ट्रेलरांवर दिसतो. तिथं दांडा दुर्बिणीच्या नळीप्रमाणे थोडा आत सरकतो. ओढणारी गाडी मंदावली की ट्रेलर पुढं रेटतो, त्या रेट्यानं दांडा आत जातो आणि आत गेलेला दांडा ट्रेलरचेच ब्रेक लावतो. ज्या धक्क्यानं अपघात व्हायचा, तोच धक्का कामाला लावलेला. साडेतीन टनांपर्यंतच्या ट्रेलरांना ही पद्धत तिथं चालते, त्यापुढं हवेचे किंवा तत्सम ब्रेक लागतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या कारागिराला ही रचना अवघड जाईल असं म्हणवत नाही. गिऱ्हाईक मागत नाही, हीच अडचण.

चढाची गोष्ट उलटी. पुढची चाकं हवेत उचललेला ट्रॅक्टर आणि बॉनेटवर वजनाला बसलेली दोन पोरं, हे दृश्य मोबाईलवर हसत हसत फिरवलं जातं. मागच्या चाकांना रुतून फिरता आलं नाही की इंजिनाचा सगळा जोर ट्रॅक्टरलाच मागच्या धुऱ्याभोवती फिरवायला बघतो. हूक धुऱ्याच्या वर बांधलेला असेल तर त्याला आणखी मदत. ट्रॅक्टर परत खाली येणार की चालवणाऱ्याच्या अंगावर पालथा होणार, याचा निकाल एका सेकंदाच्या आत लागतो. क्लच दाबायचं सुचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून हूक ठरवून दिलेल्या खालच्या जागीच हवा, पुढं वजनाच्या पाट्या हव्यात, आणि बॉनेटवर माणूस तर कधीच नको. स्वीडननं 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तिथं ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांची संख्या पुढच्या काही दशकांत जवळजवळ नाहीशी झाली. आपल्याकडं त्या जागी ताडपत्रीचं छत आणि दोन मोठे स्पीकर असतात.

स्पीकरचा विषय निघालाच आहे तर. हंगाम सुरू झाला की पोलीस उसाच्या ट्रॅक्टरांवरच्या कर्णकर्कश टेपवर कारवाई करतात आणि दरवर्षी ती ड्रायव्हरांना जाच वाटते. रात्रभर जागून गाडी चालवायची म्हटल्यावर गाणं लागतंच, हे मान्य. पण मागच्या दुचाकीचा हॉर्न, दुसऱ्या ट्रॉलीच्या टायरचा फट् आवाज, पिनेची खटखट हे सगळं त्या गाण्याखाली बुडतं.

रात्री ट्रॉली दिसत नाही, ही सगळ्यांत जुनी तक्रार. उसाचे शेंडे आणि वाढं फाळक्याबाहेर लोंबतात, त्यामागं टेललॅम्प असला तरी झाकला जातो, आणि पुष्कळदा तो नसतोच. दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत वायर ओढलेली असते पण जोडलेली नसते. समोरच्या गाडीच्या लाइटनं डोळे दिपलेले असताना मागून साठच्या वेगानं येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला काळ्या रस्त्यावर काळा ढीग दिसतो तो शेवटच्या दहा-वीस मीटरांवर. कारखाने आणि परिवहन खातं हंगामाच्या तोंडाला ट्रॉल्यांना कापडी रिफ्लेक्टर बांधतात, रेडियम चिकटवतात. पुढं पांढरं, बाजूला पिवळं, मागं लाल असा त्याचा क्रम. मोहिमेचं छायाचित्र वर्तमानपत्रात येतं, आणि पंधरा दिवसांत तेच रेडियम धुळीनं आणि उसाच्या रसानं इतकं माखतं की असून नसल्यासारखं. ओल्या फडक्यानं ते पुसायला मिनिट लागत नाही. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 1960 च्या दशकात हळू चालणाऱ्या शेतवाहनांसाठी केशरी त्रिकोणाची लाल काठाची पाटी तयार केली. 'पुढं काहीतरी आहे' यापेक्षा 'पुढचं हळू चाललंय' हे मागच्याला दुरून कळावं, हा तिचा हेतू. वेगातला हा फरकच घात करतो. जुलै 2024 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ आषाढी वारीला निघालेल्या भाविकांची बस ट्रॅक्टरवर आदळून दरीत गेली आणि पाच जण दगावले. ज्या रस्त्यावर ट्रॅक्टरला मुळात मज्जाव आहे, तिथली ही घटना.

ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर आणखी एक हमखास प्रकार घडतो. चाकांना दगड लावतात, गाडीमागं झाडाच्या फांद्या टाकतात, दुरुस्ती होते, गाडी निघून जाते. दगड तिथंच राहतात. पुढच्या रात्री त्या दगडावर दुसऱ्याच कुणाची तरी दुचाकी जाते. लाकडाच्या दोन पाचरी आणि एक घडीचा त्रिकोण ट्रॉलीच्या पेटीत कायम ठेवले तर हा प्रकारच उरत नाही.

माणसं वाहण्याबद्दल पुस्तकात एक वेगळं प्रकरण आहे आणि त्यात सूट कुठंच दिलेली नाही. 1 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली आणि 26 जण बुडाले, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. आपल्याकडं जत्रा, वऱ्हाड, गणपती विसर्जन, प्रचारसभा, प्रत्येक वेळी ट्रॉली हाताशी असते आणि 'एवढं जवळ तर जायचंय' म्हणून माणसं चढतात. पण सर्वांत लांबचा प्रवास करतात त्या तोडणी टोळ्या. बीड जिल्ह्यातून कोल्हापूरकडं येताना त्याच ट्रॉलीत भांडीकुंडी, पालं उभारायच्या चटया, धान्याची पोती, बैल किंवा शेळ्या, आणि त्या ढिगावर लेकरांना कुशीत घेतलेल्या बाया. ही माणसं हौसेनं तशी येत नाहीत. त्यांच्यासाठी बस ठरवणं वाहतूक कराराच्या खर्चात कुणी धरत नाही. अपघात झालाच, तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो ट्रॉलीत बसलेल्या माणसाला तिथं बसायचा अधिकार होता का, हा. त्या एका प्रश्नावर कुटुंबाची वर्षानुवर्षं कोर्टात जातात.

कायद्याची बाजू इथं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, 1988 ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या करतो आणि त्याची स्वतंत्र नोंदणी मागतो. ट्रॉलीचा स्वतःचा नंबर तिच्या बाजूवर, आणि सगळ्यात मागच्या ट्रॉलीवर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर, असं कलम 61 सांगतं. 'एमएच 09' च्या रस्त्यांवर या दोन्ही पाट्या नीट दिसणारी जोडी भेटली तर तिच्या मालकाला चहा पाजावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये असा दंड आहे. माल बाजूला, मागं किंवा वर मर्यादेबाहेर गेला तरी 20,000 रुपये. परवान्यावरून बरेच वाद झाले. ट्रॅक्टर चालवायचा परवाना असलेल्या ड्रायव्हरचा परवाना केवळ ट्रॉली जोडल्यामुळं निरुपयोगी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये नागशेट्टी खटल्यात सांगितलं. हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोंपर्यंतचं वाहतूक वाहन चालवता येतं, हे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 6 नोव्हेंबर 2024 रोजी पक्कं केलं. विम्याचा दावा टिकावा म्हणून हे निकाल मालकाला ठाऊक हवेत. ब्रेक मात्र निकालपत्रानं लागत नाही.

ट्रॉली कुठं बनते, हाही प्रश्न आहे. कोल्हापूर हे ओतकामाचं आणि इंजिनांचं गाव. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं लोखंडाला कुठलाही आकार देणारी माणसं मिळतात. तालुक्याच्या गावातही वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉली तयार होते. नियमानुसार ट्रेलरचा नमुना मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, पुण्यात अशा संस्था आहेत. प्रत्यक्षात कित्येक ट्रॉल्या 'शेजाऱ्याची होती तशीच, पण दोन फूट लांब' अशा ऑर्डरीवर जन्मतात. कारागिराचा हात कमी लेखायचं कारण नाही. 1914 मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहारानं एका लाकूडव्यापाऱ्याची होडी फोर्ड गाडीमागं ओढून न्यायला एक गाडा बनवला, त्याला तो सेमी-ट्रेलर म्हणाला, आणि त्यातून जगभरच्या ट्रेलर उद्योगातलं एक मोठं नाव उभं राहिलं. फरक इतकाच की पुढं त्या धंद्यानं मापं, भार आणि ब्रेक कागदावर आणले.

गाडीनं गाडी ओढणं ही या विषयाची दुसरी शाखा. तिचा जनकही असाच एक गॅरेजवाला. अमेरिकेतल्या चॅटनूगा गावच्या अर्नेस्ट होम्सला 1916 मध्ये ओढ्यात पडलेली एक फोर्ड बाहेर काढताना अर्धा डझन माणसं, दोर आणि ठोकळे वापरून दिवस घालवावा लागला. त्यानं मग 1913 च्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली. टो-ट्रकची सुरुवात ती.

कोल्हापूरकरांना या शाखेचं महत्त्व कळलं ते 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. दोन्ही वेळा पाणी पन्नासच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. माणसं बाहेर काढायला बोटींबरोबर ट्रॅक्टर-ट्रॉल्याही धावल्या, कारण कमरेएवढ्या पाण्यातून जाणारं दुसरं वाहनच नव्हतं. पाणी ओसरल्यावर तळघरांतून आणि पार्किंगमधून चिखलानं भरलेल्या कार निघाल्या, आणि तिथं खरं नुकसान सुरू झालं. बऱ्याच जणांनी चावी फिरवून बघितली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांत निभावलं असतं ते काम इंजिन उघडण्यावर जातं. बुडालेली गाडी सुरू करून बघायची नाही, ती सपाट पाठीच्या टो-ट्रकवर चढवून न्यायची. ऑटोमॅटिक, चारही चाकांना जोर असलेल्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांना तर हाच नियम बारमाही आहे. त्यांची चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर गिअरबॉक्स किंवा मोटर बिघडू शकते.

साधी गाडी दोरीनं ओढायची झाली तरी दोरी बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांडीला बांधायची नसते. बंपरवर छोटं चौकोनी झाकण असतं, आत आट्यांचं भोक, आणि जॅकच्या पिशवीत त्यात बसणारा हूक. पुष्कळ मालकांना तो हूक आपल्या गाडीत आहे हे गाडी विकेपर्यंत कळत नाही. मागच्या गाडीची चावी चालू ठेवावी लागते, नाहीतर स्टेअरिंग कुलूपबंद होतं. इंजिन बंद असल्यानं ब्रेकला पाय जड लागतो आणि स्टेअरिंग दगड होतं. 1989 च्या रस्ते नियमावलीत यासाठी लेखी अटी होत्या: मागच्या गाडीच्या सीटवर परवानाधारक माणूस हवा किंवा तिची वळणारी चाकं उचललेली हवीत, दोन गाड्यांतलं अंतर पाच मीटरच्या वर नको, दोरी इतरांना दिसेल अशी हवी, पाठीवर 75 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत 'ऑन टो' अशी पाटी हवी, आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत. रुतलेली गाडी हिसका देऊन काढताना दोरीच्या मधोमध एखादं ओलं पोतं टाकावं. तुटलेली ताणलेली दोरी चाबकासारखी परत येते, आणि बघ्यांची गर्दी नेमकी तिच्या वाटेत उभी असते.

कारमागं छोटा ट्रेलर लावायची हौस आपल्याकडं आता कुठं रुजतेय. मोटारसायकली, गो-कार्ट, तंबूचं सामान, नर्सरीची रोपं अशा कामांसाठी तो सोयीचा आहे. आपल्या गाडीची ओढायची क्षमता किती, हे मालकाच्या पुस्तिकेत पाहायचं. तिथं आकडा नसेल किंवा ओढू नका असं लिहिलं असेल, तर बाजारातला कुठलाही हूक ते बदलू शकत नाही.

राहिलं उलटं घेणं, आणि इथं मात्र कोल्हापूर-सांगलीकडच्या पोरांना कुणी शिकवायला जाऊ नये. गावोगाव जत्रेच्या सुमारास ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्सच्या स्पर्धा होतात. चुन्याच्या दोन रेषांतून, खुंट्या न पाडता, घड्याळ लावून ट्रॉली मागं न्यायची. दुचाकी ट्रॉलीला स्टेअरिंग उलटं फिरवायचं एवढंच कळलं की निम्मं जमतं. चारचाकी ट्रॉलीला पुढं फिरती बैठक असते, म्हणजे वाकणाऱ्या जागा दोन, त्यामुळं उलट्याचं पुन्हा उलट होतं. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर अशा चार जागा एकाच वेळी डोक्यात ठेवाव्या लागतात, आणि मान मागं वळवून एका हातानं हे करणारी विशीतली पोरं या भागात आहेत. या पुस्तकातलं रिव्हर्सचं प्रकरण त्यांच्याकडूनच शिकून लिहावं असं आहे. त्याच मैदानात, त्याच चुन्यानं, भरल्या ट्रॉलीसकट ठरलेल्या रेषेवर गाडी थांबवायची दुसरी स्पर्धा कुठल्या गावानं ठेवली तर बक्षिसाला आयोजकांनी ट्रॉलीचे ब्रेक द्यावेत.